थकलेली देणी आणि सिक्युरिटी क्लिअरन्स: अमेरिकेत फॉर्म भरण्याआधी काय करायचं

अमेरिकेत संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीची ऑफर येते, पगार चांगला असतो, ऑफिस व्हर्जिनिया किंवा मेरीलँडमध्ये असतं आणि पत्राच्या शेवटी एक अट असते: सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गुप्त सरकारी माहिती हाताळायची परवानगी, मिळाला तरच नोकरी पक्की. मग आपल्या घरांत ठरावीक चर्चा सुरू होते. भारतातले नातेवाईक किती, ओसीआय कार्डाचं काय, आईच्या नावावरचा पुण्यातला फ्लॅट दाखवायचा का, यावर रात्र रात्र खल होतो. मधल्या काळात नोकरी गेली होती तेव्हा थकलेल्या दोन क्रेडिट कार्डांचा विषय मात्र कोणी काढत नाही. वास्तविक क्लिअरन्स नाकारला जाण्याच्या कारणांत पैशांचे व्यवहार वर्षानुवर्षं अगदी वरच्या जागी आहेत.

हा लेख त्या न काढलेल्या विषयाबद्दल आहे. तो अमेरिकेचे नागरिक झालेल्यांसाठी आणि तिथेच जन्मलेल्या, नौदलात, हवाई दलात किंवा कंत्राटदार कंपन्यांत जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. एच-1बी किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांना नेहमीचा क्लिअरन्स मिळतच नाही, त्यासाठी नागरिकत्व लागतं. पण सरकारी खात्यांच्या आयटी प्रकल्पांवर 'पब्लिक ट्रस्ट' नावाची जी तपासणी होते, तिच्या फॉर्मातही थकलेल्या देण्यांचे प्रश्न आहेत, त्यामुळे त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कर्ज किती आहे यापेक्षा ते थकल्यावर तुम्ही काय केलं, कधी केलं आणि त्याचा कागद तुमच्याजवळ आहे का, यावर निकाल ठरतो. आणि नेमक्या याच तीन ठिकाणी आपली माणसं मार खातात, कारण देणं झालं की ते चारचौघांत बोलायचं नाही, पत्र आलं की ड्रॉवरमध्ये टाकायचं, पैसे आले की गुपचूप फेडायचं आणि फेडल्यावर पावतीही फाडून टाकायची, असं वळण आपल्याला लहानपणापासून लागलेलं असतं.

सरकारला तुमच्या कर्जाशी काय देणंघेणं?

एप्रिल 1985 मध्ये सीआयएचा अधिकारी ऑल्ड्रिच एम्स वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत दूतावासात शिरला आणि 50,000 डॉलरच्या बदल्यात माहिती विकायला लागला. घटस्फोटानंतर अंगावर आलेली देणी हे कारण पुढे त्याने स्वतःच दिलं. 1994 मध्ये अटक होईपर्यंत त्याने वीस लाखांहून अधिक डॉलर घेतले होते. सरकारी पगारावर 5,40,000 डॉलरचं घर रोखीने घेतलं, तरी बराच काळ त्याला कोणी हटकलं नाही. त्याच्याही आधी, 1967 च्या सुमारास, नौदलातला जॉन वॉकर त्याच वाटेने गेला होता. साउथ कॅरोलायनातला त्याचा बार तोट्यात चालला होता. तो पकडला गेला 1985 मध्ये.

कार्डाचा हप्ता चुकलेला प्रत्येक माणूस हेर होणार नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून नियमात दुसरं कारणही दिलेलं आहे: जो माणूस स्वतःची देणी पाळत नाही, तो गुप्त कागद हाताळायचे नियम तरी पाळेल का? हा प्रश्न सचोटीचा आणि विवेकाचा आहे. नेमका म्हणूनच तो तुमच्या बाजूने वळवता येतो.

नियम थोडक्यात

8 जून 2017 पासून लागू असलेल्या 'सीड-4' या सरकारी निर्देशात क्लिअरन्स ठरवण्याचे 13 निकष आहेत. ए ते एम अशी त्यांची अक्षरं. पैशांचा निकष 'एफ'. त्यात अडचणीच्या गोष्टी सांगितल्या आहेत: देणी फेडता न येणं, ऐपत असून न फेडणं, थकबाकीचा जुना इतिहास, अंथरुणाबाहेर पाय पसरून केलेला खर्च, खोटी माहिती देऊन काढलेलं कर्ज, टॅक्स रिटर्न न भरणं, जुगारासाठी उसनवारी, आणि एम्ससारख्यांमुळे आलेलं एक कलम, म्हणजे उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंती.

ऐपत नसणं आणि ऐपत असून न देणं ही दोन वेगळी कलमं आहेत, हे लक्षात घ्या. नोकरी गेली म्हणून थकलेलं कार्ड एका बाजूला आणि दर उन्हाळ्यात भारतवारी, नवी गाडी, मुलीच्या अरंगेत्रमचा हॉल हे सगळं चालू असताना थकलेलं कार्ड दुसऱ्या बाजूला. तपास करणारा दोन्ही पाहतो.

त्याच निकषात सुटकेच्या वाटाही लिहिलेल्या आहेत. नोकरी जाणं, धंदा बसणं, अचानक आलेलं आजारपण, घरातला मृत्यू, घटस्फोट, फसव्या सावकारीला बळी पडणं, ओळखीची चोरी, अशा हाताबाहेरच्या कारणांमुळे देणं थकलं असेल तर ते विचारात घेतलं जातं. पण या वाक्याला पुढे एक 'आणि' जोडलेला आहे: आणि त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात. बरेच अर्ज या 'आणि'वर अडकतात. ले-ऑफ झाल्याचं पत्र जोडलेलं असतं, पण त्या काळात बँकेला एकदाही फोन केल्याची नोंद नसते. याखेरीज मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेला सल्ला, प्रामाणिकपणे सुरू केलेली आणि टिकवलेली परतफेड, देण्यावर सकारण आणि पुराव्यासह घेतलेली हरकत, टॅक्स खात्याशी केलेला आणि पाळलेला करार, याही वाटा आहेत.

अमुक रकमेच्या वर कर्ज गेलं की नापास, अशी कोणतीही रेघ या निकषात आखलेली नाही. उलटही खरं आहे: रक्कम लहान म्हणून पास, असंही नाही. 1988 च्या इगन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही. शंका उरली तर ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवायची. फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे तो तुम्हाला मिळणार नाही, म्हणून शंका उरू न देणं हे तुमचं काम.

पहिली पायरी: तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते आधी तुम्ही वाचा

इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे क्रेडिट रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत साइटवरून आठवड्याला एकदा फुकट मिळतात. तिन्ही काढा. एका संस्थेकडे असलेली नोंद दुसरीकडे नसते आणि तपासणारा माणूस तुम्हाला सोयीचा रिपोर्ट निवडणार नाही. स्कोअरच्या मागे लागू नका. 640 की 780 हा आकडा इथे कोणी विचारत नाही. कोणतं खातं, किती थकलं, कधीपासून, पुढे काय झालं, एवढंच पाहिलं जातं.

मग एक साधी वही किंवा स्प्रेडशीट करा: पैसे ज्याला द्यायचे त्याचं नाव, मूळ रक्कम, आजची रक्कम, थकल्याची तारीख, थकण्याचं कारण, आतापर्यंत काय केलं. बऱ्याचदा एकच कर्ज दोनदा दिसतं, एकदा मूळ बँकेच्या नावाने आणि एकदा ते विकत घेतलेल्या वसुली कंपनीच्या नावाने. ते जुळवून ठेवा, नाहीतर पुढे सरकारच्या यादीत एका देण्याची दोन कलमं होतात.

नोंदच चुकीची असेल तर त्या संस्थेकडे लेखी हरकत घ्या. त्यांना साधारण 30 दिवसांत चौकशी करावी लागते. वसुली कंपनीचं पहिलं पत्र आलं असेल तर ते मिळाल्यापासून 30 दिवसांत त्यांच्याकडे देण्याचा पुरावा मागता येतो. आपल्यात एकसारखी आडनावं आणि एकाच पत्त्यावर राहणारी दोन-तीन कुटुंबं यांमुळे दुसऱ्याची खाती आपल्या रिपोर्टमध्ये घुसल्याचं पाहायला मिळतं, त्याला हाच उपाय. पण नुसती 'हे माझं नाही' अशी ऑनलाइन टिचकी मारून बसू नका. हरकतीला आधार काय, याचा कागद लागतो.

दुसरी पायरी: रिपोर्टमध्ये न दिसणारी देणी

अमेरिकन रिपोर्टमध्ये भारतातलं कर्ज दिसत नाही, आणि इथेच आपल्या लोकांची गफलत होते. एमएस करायला येताना भारतातल्या बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलेलं असतं, वडील सहकर्जदार असतात, राहतं घर तारण असतं. इकडे स्थिरस्थावर होताना काही वर्षं हप्ते थकतात. क्लिअरन्सच्या फॉर्ममधले (एसएफ-86 मधले) प्रश्न मात्र 'कोणत्याही कर्जा'बद्दल आहेत, फक्त अमेरिकेतल्या नव्हेत. शिवाय त्या कर्जाला दुहेरी धार आहे: थकबाकी म्हणून ते 'एफ'मध्ये येतंच, आणि आईवडिलांच्या घरावर परदेशी बँकेची टांगती जप्ती हा दबावाचा मुद्दा म्हणून परदेशी संबंधांच्या निकषातही चर्चेला येऊ शकतो. ते कर्ज फेडून टाकणं किंवा बँकेशी लेखी तडजोड करून हप्ते नियमित करणं, हे अर्जाआधीच करायचं काम आहे. बँकेचं 'नो ड्यूज' पत्र मागून घ्या. तिथल्या शाखेत कोणीतरी प्रत्यक्ष गेल्याशिवाय ते मिळायला वेळ लागतो, तेव्हा भावाला किंवा काकांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं न दिसणारं देणं म्हणजे जामीनकी. मावसभावाच्या मुलाच्या कर्जावर 'फक्त सही' केलेली असते. तो फॉर्म स्पष्ट सांगतो की तुम्ही एकटे कर्जदार असाल तेही लिहा आणि सहकर्जदार किंवा जामीन असाल तेही लिहा. त्या मुलाने हप्ते बुडवले असतील तर ती थकबाकी तुमची. नात्यात वाईटपणा येईल म्हणून खात्याची स्थिती न विचारणं परवडणारं नाही. लॉगिन मागा, दर महिन्याचं स्टेटमेंट पाहा.

घटस्फोटाच्या हुकुमात 'हे कार्ड नवरा फेडेल' असं लिहिलेलं असलं तरी बँक त्या हुकुमाने बांधली जात नाही. खातं संयुक्त असेल तर बँक दोघांनाही धरते. हुकुमाची प्रत ठेवा, उपयोग होतो, पण खातं बंद करून घेणं त्याहून चांगलं.

तिसरी पायरी: टॅक्स

इथे जरा थांबून वाचा. क्रेडिट कार्ड थकलं तर सरकार ऐकून घेतं. टॅक्स रिटर्नच भरलं नसेल तर ऐकून घेण्याचा सूर बदलतो, कारण जो सरकारचाच साधा नियम पाळत नाही त्याला सरकारची गुपितं कशी द्यायची, असा तो विचार आहे. फॉर्ममध्ये मागच्या 7 वर्षांचं विचारतात: फेडरल, राज्य किंवा स्थानिक, यांपैकी कोणतंही रिटर्न भरायचं राहिलं का, टॅक्स द्यायचा राहिला का.

'रिफंड येणार होता म्हणून भरलं नाही' ही सबब चालत नाही. राहिलेली सगळी रिटर्न्स आधी भरा, पैसे नसले तरी भरा. भरणं आणि पैसे देणं ही दोन वेगळी कर्तव्यं आहेत. रक्कम देता येत नसेल तर आयआरएसशी, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याशी, हप्त्यांचा करार करता येतो. एकूण देणं 50,000 डॉलरच्या आत असेल तर सहसा ऑनलाइनच होतो. करार झाला की बँकेतून आपोआप कापून जाईल असं करा, कारण नियमाची भाषा 'करार केला' एवढ्यावर थांबत नाही, 'आणि तो पाळत आहे' असं पुढे आहे. पुरावा म्हणून आयआरएसच्या खात्यातून त्या त्या वर्षाचा ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडच्या नोंदींचा उतारा, काढून ठेवा. सीएने पाठवलेली रिटर्नची पीडीएफ म्हणजे ते दाखल झाल्याचा पुरावा नव्हे.

भारतातल्या खात्यांचा मुद्दा याच पायरीत येतो. एनआरई ठेवीवरचं व्याज भारतात करमुक्त आहे, पण अमेरिकेच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न म्हणून दाखवावं लागतं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार नावाचं विवरण वेगळं भरायचं असतं. आईबरोबरचं संयुक्त खातं, ज्यात आपण एक रुपयाही टाकलेला नाही, तेही त्यात मोजलं जातं. हे राहून गेलं असेल आणि जाणूनबुजून केलं नसेल, तर आयआरएसची सुधारणेची सोपी पद्धत आहे. त्यासाठी दोन्ही देशांचे व्यवहार समजणारा कर सल्लागार गाठा, आणि क्लिअरन्सचा फॉर्म भरायच्या आधी गाठा. ही खाती फॉर्मच्या परदेशी मालमत्तेच्या भागातही दाखवायची असतात. तिथे दाखवली आणि टॅक्समध्ये नाहीत, असं झालं की दोन सरकारी कागद एकमेकांविरुद्ध बोलू लागतात.

चौथी पायरी: कोणतं देणं आधी

सगळं एकदम फेडायला पैसे असते तर हा लेख वाचायची वेळच आली नसती. क्रम लावा. माझा क्रम असा: टॅक्स आणि मुलांची पोटगी सगळ्यात आधी, मग फेडरल विद्यार्थी कर्ज. ते 270 दिवस थकलं की डिफॉल्टमध्ये जातं आणि 'सरकारचं देणं सध्या थकलंय का' या प्रश्नाला तुम्हाला 'हो' लिहावं लागतं. नियमित हप्ते देऊन ते डिफॉल्टमधून बाहेर काढता येतं, 10 महिन्यांत 9 हप्ते. त्यानंतर लहान लहान वसुलीची खाती, फोनचं बिल, दवाखान्याचं 300 डॉलरचं बिल, जिमची फी. रकमा किरकोळ असतात पण यादी लांबवतात, आणि 'एवढं साधंही फेडलं नाही?' हा प्रश्न ओढवून घेतात. मोठी चार्ज-ऑफ झालेली, म्हणजे बँकेने हिशेबात बुडीत धरलेली, खाती शेवटी, एकेक करून, लेखी करारावर.

समजा दोघांवर प्रत्येकी 28,000 डॉलरची थकबाकी आहे, दोघांचीही नोकरी एकाच वर्षी गेली होती. पहिल्याने नवी नोकरी लागल्यावर दोन लहान खाती बंद केली, मोठ्या खात्याला महिना 250 डॉलर सुरू केले, 11 हप्त्यांच्या पावत्या ठेवल्या. दुसऱ्याने काही केलं नाही, सरकारचं पत्र आल्यावर सासऱ्यांकडून पैसे आणून एका दिवसात सगळं फेडलं. कागदावर दुसऱ्याचं कर्ज शून्य आहे, तरी पहिल्याची बाजू भक्कम. क्लिअरन्स धोक्यात आल्यावरच हालचाल करणाऱ्याला कमी गुण मिळतात, हे डोहाच्या, म्हणजे संरक्षण खात्याच्या सुनावणी आणि अपील कार्यालयाच्या, निर्णयांत पुन्हापुन्हा दिसतं. तिथल्या अपील बोर्डाने 2008 च्या एका निर्णयात असंही म्हटलं आहे की प्रत्येक देणं फिटलेलंच असायला हवं अशी सक्ती नाही. वाजवी योजना हवी आणि ती अमलात आणायला ठोस पावलं उचललेली हवीत.

सल्ला घ्यायचा तर ना-नफा तत्त्वावरच्या क्रेडिट काउन्सेलिंग संस्थेकडून घ्या. सैन्यात असाल तर तळावरचा आर्थिक सल्लागार फुकट असतो. 'तुमचं कर्ज अर्ध्यावर आणून देतो' अशा जाहिराती करणाऱ्या सेटलमेंट कंपन्यांपासून मात्र जपून. त्यांतल्या अनेक जणी बँकांना हप्ते देणं बंद करून पैसे त्यांच्या खात्यात साठवायला सांगतात. त्यामुळे आजवर चालू असलेली कार्डंही थकबाकीत जातात, आणि ते ऐन फॉर्म भरायच्या वेळी.

दिवाळखोरी हा शब्द आपल्याकडे तोंडातून काढत नाहीत, पण तो कायदेशीर मार्ग आहे आणि केवळ त्यामुळे क्लिअरन्स जात नाही. चॅप्टर 13 मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली 3 ते 5 वर्षं परतफेड चालते, त्यामुळे प्रामाणिक प्रयत्न दाखवणं सोपं जातं. चॅप्टर 7 मध्ये देणी माफ होतात, तिथे ती का साचली आणि पुन्हा साचणार नाहीत हे वेगळं पटवावं लागतं. आजारपणाच्या बिलांनी पिचलेल्या कुटुंबाने वेळीच दिवाळखोरीचा अर्ज करणं हे पाच वर्षं पत्रं न उघडण्यापेक्षा कितीतरी जबाबदार वागणं आहे.

काही गोड गैरसमज

'सात वर्षं झाली की रिपोर्टमधून जातं, मग विषय संपला.' नोंद जाते, इतिहास जात नाही. रिपोर्टमधून गळून पडलेलं देणं फिटलं असं डोहा मानत नाही.

'बँकेने चार्ज-ऑफ केलं म्हणजे माफ केलं.' चार्ज-ऑफ ही बँकेच्या हिशेबातली नोंद आहे, देणं तसंच राहतं. बँकेने 1099-सी फॉर्म पाठवून कर्ज खरोखर रद्द केलं असेल, तर माफ झालेली रक्कम साधारणपणे तुमचं उत्पन्न धरली जाते आणि त्यावर टॅक्स लागू शकतो. तो फॉर्म टोपलीत टाकणारे मग तिसऱ्या पायरीवर अडकतात.

'मुदतीचा कायदा उलटून गेला, आता दावा लावता येत नाही.' न्यायालयात हा बचाव चालतो. क्लिअरन्समध्ये मात्र नुसतं मुदत संपायची वाट पाहत बसणं म्हणजे परतफेडीचा प्रामाणिक प्रयत्न, असं कोणी मानत नाही.

पाचवी पायरी: फॉर्म

एसएफ-86 हा फॉर्म ई-ॲप या सरकारी प्रणालीत भरायचा असतो. तो स्वतःहून भरता येत नाही, कंपनी किंवा खातं तुम्हाला पुरस्कृत करतं. पैशांचे प्रश्न 26 व्या भागात आहेत. दिवाळखोरी, टॅक्स, न्यायालयाचे हुकूम, मालमत्तेवरचे बोजे, जप्त झालेली गाडी, वसुलीला गेलेली बिलं, पगारातून झालेली कपात, भाडं थकल्याने घर सोडावं लागणं, आणि 120 दिवसांहून जास्त थकलेलं कोणतंही खातं, सध्याचं किंवा मागच्या 7 वर्षांतलं. जुगारामुळे आलेल्या आर्थिक अडचणीला मात्र वर्षांची मर्यादा नाही, 'कधीही' असा प्रश्न आहे.

आता फेडलेलं आहे म्हणून लिहायची गरज नाही, हा समज काढून टाका. प्रश्न 'गेल्या 7 वर्षांत' असा आहे. जाणूनबुजून लपवलं तर प्रकरण 'एफ'वरून 'ई' या वैयक्तिक वर्तनाच्या निकषावर जातं, आणि सरकारला खोटी माहिती देणं हा 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकणारा संघीय गुन्हा आहे. थकबाकीला सुटकेच्या वाटा भरपूर आहेत, खोटेपणाला फार थोड्या. दवाखान्याचं 900 डॉलरचं बिल लपवून नोकरी घालवणं यासारखा घाट्याचा सौदा नाही.

खुलाशाच्या जागेत तीन-चार वाक्यं लिहा, रडगाणं नको: 'मार्च 2023 मध्ये नोकरी गेली. ऑगस्टमध्ये नवी लागली. त्या काळात हे खातं थकलं. जानेवारी 2024 पासून महिना 250 डॉलर देत आहे, पावत्या उपलब्ध.' तारखा वहीतून घ्या, आठवणीतून नको. फॉर्म पाठवण्याआधी पूर्ण प्रत स्वतःकडे ठेवा.

आर्थिक नोंदी असतील तर अंतरिम क्लिअरन्स बहुधा मिळणार नाही, पूर्ण चौकशी होईपर्यंत थांबावं लागेल. कंपनीला तशी कल्पना दिलेली बरी.

सहावी पायरी: चौकशी आणि मुलाखत

बहुतेक तपास डीसीएसए ही संरक्षण खात्याची संस्था करते. तपासनीस भेटायला आला की त्याच्यासमोर रिपोर्ट असतो, तो एकेक खातं वाचून विचारतो. 'ते मला माहीत नाही, बायको बघते पैशांचं' असं उत्तर आपल्या घरांत खरंही असेल, पण इथे फार वाईट ऐकू येतं. घरातले हिशेब कोणीही पाहो, मुलाखतीआधी दोघांनी एकत्र बसून सगळी खाती डोळ्यांखालून घाला. मुलाखतीत एखादं देणं फेडायचं कबूल केलंत तर ते खरंच फेडा. ते वाक्य अहवालात नोंदलं जातं आणि वर्षभराने तुमच्यापुढे परत येतं.

यानंतर लेखी प्रश्नावली येऊ शकते. तिच्यात महिन्याच्या जमाखर्चाचा तक्ता मागतात. घरभाडं, किराणा, विमा, हप्ते, भारतात आईवडिलांना पाठवले जाणारे पैसे, सगळं लिहा. शेवटी काही शिल्लक उरते हे दिसायला हवं. उरत नसेल तर परतफेडीची योजना कोणाला पटणार नाही, तेव्हा आधी खर्चाला कात्री लावा.

सातवी पायरी: 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' आलं तर

क्लिअरन्स का नाकारायचा याची कारणं देणारं हे सरकारचं आरोपपत्रासारखं पत्र असतं. त्यात प्रत्येक देणं वेगळ्या कलमात लिहिलेलं असतं. कंत्राटदार कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना ते मिळाल्यापासून 20 दिवसांत, शपथेवर, प्रत्येक कलमाला 'मान्य' किंवा 'अमान्य' असं वेगवेगळं उत्तर द्यावं लागतं. सरसकट नकार चालत नाही. वेळ कमी पडत असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून मागा. सैनिक आणि थेट सरकारी नोकरांची प्रक्रिया थोडी वेगळी असते, पत्रात दिलेल्या सूचनाच प्रमाण माना.

पुढे दोन रस्ते आहेत. केवळ कागदांवर निर्णय मागता येतो, किंवा डोहाच्या प्रशासकीय न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते. (नावावरून कतारला जावं लागेल असं वाटतं खरं, पण मुख्यालय व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनमध्ये आहे.) वाद प्रामाणिकपणाचा असेल तर मी सुनावणीच्या बाजूने आहे. माणूस समोर बसून सरळ उत्तरं देतो तेव्हा जे दिसतं ते कागदात येत नाही. कागदांचा रस्ता घेतलात तर सरकार त्याच्या पुराव्यांची फाइल पाठवतं आणि उत्तराला 30 दिवस देतं.

पुराव्याची फाइल कलमांच्या क्रमाने लावा. कलम 1.ए च्या मागे त्या देण्याचं मूळ पत्र, करार, प्रत्येक हप्त्याची पावती आणि शेवटी 'पूर्ण फेड' किंवा 'तडजोड' असं लिहिलेलं, पैसे ज्याला द्यायचे होते त्याचं पत्र. मग 1.बी. नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं, ट्रान्स्क्रिप्ट, सल्लागार संस्थेचं पत्र हे शेवटी. तुमचं काम आणि पैशांबद्दलचा विश्वासूपणा जवळून पाहिलेल्या वरिष्ठाचं पत्रही जोडा, मात्र त्याला आरोप काय आहेत हे माहीत असायला हवं, नाहीतर त्या पत्राला किंमत राहत नाही. मंडळाच्या अध्यक्षांचं 'गणेशोत्सवात खूप मदत करतात' असं पत्र इथे फारसं उपयोगी नाही. वकील सक्तीचा नाही, पण टॅक्स आणि खोटेपणाचा आरोप एकत्र असेल तर या क्षेत्रातला वकील घ्या. आणि डोहाचे जुने निर्णय नावं काढून इंटरनेटवर खुले आहेत. तुमच्यासारखी पाच-सहा प्रकरणं वाचून काढलीत तर न्यायाधीश काय विचारतात याचा चांगला अंदाज येतो.

निर्णय विरुद्ध गेला तर 15 दिवसांत अपिलाची नोटीस द्यावी लागते. अपील बोर्ड नवा पुरावा घेत नाही, म्हणून जे दाखवायचं ते सुनावणीतच दाखवा. शेवटी नकार कायम राहिला तरी वर्षभराने पुन्हा अर्ज करता येतो, अर्थात पुरस्कृत करणारी कंपनी हवी. ते वर्ष हप्ते चुकवू नका.

क्लिअरन्स हाती आल्यावर

पूर्वी काही वर्षांनी फेरतपासणी व्हायची. आता सतत तपासणीची यंत्रणा क्रेडिटच्या नोंदी आपोआप पाहत असते, त्यामुळे खातं थकल्याची खबर सरकारला तुमच्याआधीही लागू शकते. दिवाळखोरी किंवा 120 दिवसांहून जास्त थकलेलं कोणतंही देणं स्वतःहून कळवणं बंधनकारक आहे. कंपनीतल्या सुरक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे एफएसओला, लेखी कळवा आणि त्या ईमेलची नोंद ठेवा. सरकारी शटडाऊनमध्ये पगार थांबतो, 2018-19 चा शटडाऊन 35 दिवस चालला होता. अशा वेळी बँकेला आधी फोन करून हप्ता पुढे ढकलून घेतलात तर ते तुमच्या बाजूचा पुरावा बनतं.

टॉप सीक्रेट क्लिअरन्स असणाऱ्यांना आणखी एक कळवावं लागतं: वारसा, बक्षीस किंवा तशा कारणाने अचानक आलेली 10,000 डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कम. गावची वडिलोपार्जित जमीन विकली आणि तुमच्या वाट्याचे पैसे इकडच्या खात्यात येणार असतील, तर सातबाऱ्याचा उतारा, वारस नोंद, विक्रीखत आणि बँकेची हस्तांतराची पावती, यांची इंग्रजी भाषांतरं आधी करून घ्या आणि ती फाइल घेऊन एफएसओकडे जा.